तिसऱ्या मंगळवारचा दात

तो पहिल्यांदा आत आला, तेव्हा मी खुर्चीत आ वासून पडले होते आणि डॉक्टरबाई माझ्या नव्या दाताकडे बघून नाक मुरडत होत्या. प्रेमात पडायला याहून वाईट अवस्था नसेल!

"बरे सापडलात," त्या त्याला म्हणाल्या. "तुमच्याच लॅबचं काम. सांगा, मिसळतोय हा शेजारच्या दातांत?"

स्कूटरवरून पडून माझा पुढचा दात गेला होता. हाडात इम्प्लांट बसवून चार महिने झाले होते. आता त्यावरची कॅप आली, तर ती खडूसारखी पांढरी! ती घडवणारा हा कारागीर दुसऱ्याच कुणाचं काम पोचवायला आला होता.

त्यानं एकही सबब सांगितली नाही. "माझं चुकलंय," म्हणाला आणि मला खिडकीपाशी उजेडात नेलं. "लिपस्टिक पुसता का जरा? आणि मिनिटभर तोंड मिटून ठेवा. दात कोरडे पडले की खरा रंग दाखवत नाहीत."

"मला मिनिटभर गप्प बसवणारे तुम्ही पहिलेच."

"त्यातले दहा सेकंद तुम्ही आत्ताच वाया घालवलेत."

मग तो बघत राहिला... रंगांच्या नमुन्यांची पट्टी धरून, मान तिरकी करून, श्वाससुद्धा हलका सोडत. "शेजारच्या दाताला कडेला निळसर झाक आहे," तो पुटपुटला. "आणि केसाएवढी एक रेघ. सुंदर आहे."

माझ्या दातातली रेघ कुणाला सुंदर वाटेल, हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. घरी जाऊन मी ती आरशात शोधत बसले.

पुढच्या मंगळवारी तो नवा दात घेऊन स्वतः आला. डॉक्टरबाईंनी तो तात्पुरता बसवून आरसा हातात दिला. आणि मी थक्क झाले. तीच झाक, तीच रेघ! माझा कुठला आणि त्याचा कुठला, मलाच कळेना. किती जीव ओतला होता त्यानं त्या एवढ्याशा तुकड्यात!

पण काम झालं की हा गेलाच...

"जरा... पिवळट वाटतोय का?" मी चक्क खोटं बोलले.

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. तो इतकंच म्हणाला, "आठवड्यानं आणतो."

तो आठवडा मला खायला उठला. इतक्या देखण्या कामाला मी नावं ठेवली, तीही त्याच्या तोंडावर!

तिसऱ्या मंगळवारी दात पुन्हा बसला. डॉक्टरबाईंनी निळा कागद दातांत धरायला लावला. "चावा... कुठे उंच लागतंय?"

"कुठेच नाही."

"मग पक्का करू?"

आणखी एक खोट काढली असती, तर आणखी एक मंगळवार मिळाला असता. तो भिंतीला टेकून उभा होता, हाताची घडी घालून.

"करा," मी म्हणाले. आणि मग त्याच्याकडे वळले. "मागचाही असाच छान होता. मी... खोटं बोलले होते."

"माहीत आहे," तो म्हणाला. "हा तोच आहे."

"म्हणजे?"

"बोटसुद्धा लावलं नाही त्याला. आठवडाभर डबीत होता."

डॉक्टरबाईंना हसू आवरेना. "मी सिमेंट कालवून आणते," म्हणत त्या पलीकडच्या टेबलाकडे गेल्या.

"मग त्याच दिवशी का नाही बोललात?" माझा आवाज चढला. "काम तुमचं, नाव तुमचं... मी म्हटलं आणि ऐकून घेतलंत?"

त्याचे कान लाल झाले होते. "बोललो असतो तर त्याच दिवशी पक्का झाला असता. मग मी इथे कुठल्या निमित्तानं आलो असतो?"

दाताबद्दल इतकं स्पष्ट बोलणारा माणूस, आणि आता शब्द शोधत होता...

"तुम्ही मला आवडता," मी म्हणून टाकलं.

"अहो, थांबा ना!" तो कळवळून म्हणाला. "हे मी म्हणणार होतो. दात पक्का झाल्यावर."