डाव्या खाचेतली पिवळी नळी

“थांबा! तिथेच थांबा! एक पाऊलही पुढे टाकू नका!”

हातात अवजारांची पेटी घेऊन तो दारातच थिजला. एक पाय आत, एक बाहेर. आमच्या वाफेच्या मशीनची देखभाल करणारे नेहमीचे काका सुट्टीवर होते, म्हणून कंपनीनं ह्याला पाठवलं होतं. आणि हा पठ्ठ्या धूळभरल्या बुटांनिशी सरळ माझ्या खोलीत घुसत होता!

“काय झालं? साप आहे का?”

“त्याहून वाईट. तुमचे बूट. ही बाजू वापरलेल्या हत्यारांची, ती बाजू स्वच्छ हत्यारांची. हत्यारं इकडून तिकडे जातात, माणसं नाही.”

“मग मी कुठल्या बाजूचा?”

“ते बुटांवर कव्हर घातलंत, हात धुतलेत की ठरवू.”

तो हसला. बूट झाकले, मास्क लावला, मी सांगितलं तसे मनगटापर्यंत हात धुतले आणि शाळेतल्या मुलासारखे पुढे करून दाखवले. मी उगाचच दोनदा बघितले.

दातांच्या दवाखान्याची ही मागची खोली माझी. पेशंटच्या तोंडात जाणारी प्रत्येक वस्तू आधी माझ्या हाताखालून जाते. घासायची, धुवायची, पाकिटात बंद करायची आणि वाफेच्या मशीनमध्ये ठेवायची. चुकूनमाकून एकाचा जंतू दुसऱ्याच्या तोंडात गेला तर? त्या विचारानंच माझा जीव वरखाली होतो. डॉक्टरबाई मला फौजदार म्हणतात. म्हणोत बापड्या!

मशीनच्या दाराभोवतीचं रबर कडक झालं होतं, वाफ निसटत होती. त्यानं नवं रबर बसवलं.

“झालं. आता ह्या मशीनचं तोंड अगदी घट्ट बंद राहील,” तो म्हणाला. “सगळ्यांचं कुठं राहतं म्हणा…”

“हे मला उद्देशून?”

“छे हो! माझी काय टाप आहे?”

मला हसू आलं. मास्क होता म्हणून वाचले.

मशीन नीट चालतंय का, हे बघायची आमची एक पद्धत आहे. जांभळ्या औषधाच्या दोन छोट्या नळ्या घ्यायच्या, दोन्हींत मुद्दाम ठेवलेले जंतू. एक मशीनमध्ये वाफवायची, दुसरी बाहेरच ठेवायची. मग दोन्ही एका उबदार डबीत दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायच्या. वाफवलेली डाव्या खाचेत, दुसरी उजव्या. वाफवलेली जांभळीच राहिली तर जंतू मेले, जिंकलो. पिवळी झाली, तर मशीन नापास. बाहेरची मात्र पिवळी व्हायलाच हवी, नाहीतर जंतू मुळात जिवंत होते हे कळणार कसं?

वाफवलेल्या नळीवर मी पेनानं खूण करते. त्या दिवशी पेन त्याच्याकडे होतं, कागदावर सही करायला घेतलेलं. एक नळी मशीनमधून वाफवून निघाली होती, मी दोन्ही हातात घेऊन डबीपाशी उभी… आणि त्यानं पाणी प्यायला मास्क खाली केला.

“फौजदार,” हे नाव त्यानं कुठून ऐकलं देव जाणे, “चहा विचारण्याइतपत माझा गुन्हा माफ झालाय का?”

“विचार करते,” मी म्हणाले आणि डबीचं झाकण लावलं.

चहा झाला. जाताना त्यानं दारातून मागे वळून बघितलं. मी पाकिटं मोजत असल्याचं नाटक केलं.

दुपारी त्याच मशीनमधून निघालेल्या हत्यारांनी डॉक्टरबाईंनी माझ्या आईची दाढ काढली. आई घाबरत होती. मीच तिला हाताला धरून खुर्चीत बसवलं. “आई, इथली एकेक वस्तू तुझ्या लेकीनं स्वच्छ केलीय. काळजीच करू नकोस,” मी तोऱ्यात म्हणाले.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबी उघडली, तर डाव्या खाचेतली नळी… पिवळीधमक.

 झाकण आपटून मी डॉक्टरबाईंकडे धावले. त्यांचा चेहरा पडला.

“सगळी पाकिटं बाजूला ठेव. आजचे पेशंट रद्द. काल ज्यांना तपासलं, त्या सगळ्यांना फोन करून रक्त तपासायला सांगावं लागेल. त्याआधी त्या मेकॅनिकला बोलाव.”

त्या सगळ्यांत आई होती. मी आधी तिलाच फोन लावला.

“अगं, छान झोप लागली!” आईचा आवाज सुजलेल्या गालातून येत होता. “तुझ्या दवाखान्याचं कौतुक करतेय मी सगळ्यांजवळ.”

मी नंतर करते म्हणून ठेवला फोन.

तो आला तेव्हा मी त्याच्यावर तुटूनच पडले. “काय बसवलंत तुम्ही? माझ्या आईच्या तोंडात गेलीत ती हत्यारं! माझ्या आईच्या!”

त्यानं बूट झाकले, हात धुतले, मशीन उघडलं. रबर बघितलं, झडप बघितली, दाब बघितला, मशीन पुन्हा चालवून बघितलं. कपाळावर घाम जमला होता.

“काहीच सापडत नाही,” तो शेवटी हळू आवाजात म्हणाला. “सापडलं असतं तर बरं झालं असतं. डॉक्टरांना सांगा, काम माझं होतं. दोष माझ्यावर येऊ दे… तुमच्यावर नको.”

मला गलबलून आलं. ते दिसू नये म्हणून मी डबीकडे वळले. ती नळी काढून नवी चाचणी लावायची होती. झाकण उघडलं आणि… उजवीकडची नळी जांभळी?

ती तर मशीनमध्ये गेलीच नव्हती! ती पिवळी व्हायलाच हवी होती!

दोन्ही नळ्या उचलून मी उजेडात धरल्या. प्रत्येक नळीवर चिकटवलेल्या कागदावर एक गुलाबी पट्टी असते, वाफ लागली की तपकिरी होते. पिवळ्या नळीची पट्टी गुलाबीच होती. जांभळीची तपकिरी.

वाफवलेली नळी जांभळीच राहिली होती. मशीन पास होतं! नळ्या तेवढ्या उलट्या खाचांत गेल्या होत्या.

मी स्टुलावर बसले आणि रडायलाच लागले, मग हसायला, मग दोन्ही. “आई ठीक आहे! सगळे ठीक आहेत!” मी त्याचा हात गच्च धरला होता, हे मला बऱ्याच वेळानं कळलं.

“बाप रे…” त्यानंही भिंतीला टेकून श्वास सोडला. मग त्याच्या कपाळाला आठी पडली. “पण नळ्या उलट्या ठेवल्या कुणी?”

“…मी.”

“तुम्ही? फौजदार? कसं काय?”

“मलाही तेच ऐकायचंय,” दारातून डॉक्टरबाई म्हणाल्या. “इतक्या वर्षांत हिची साधी सुई इकडची तिकडे झालेली नाही.”

पेन नव्हतं म्हणून, असं सांगता आलं असतं. खोटंही ठरलं नसतं. पण हा माणूस माझ्यासाठी न केलेली चूक अंगावर घ्यायला निघाला होता.

“मॅडम, नळ्या ठेवताना माझं लक्ष नळ्यांकडे नव्हतं.”

“मग कुठं होतं?”

“ह्यांच्याकडे.”

 त्याचे कान लालबुंद झाले. डॉक्टरबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“नवी चाचणी लाव,” त्या म्हणाल्या. “पेनानं खूण करून. तोवर पाकिटं बाजूलाच राहू देत. आणि ह्यांना त्या वेळी खोलीबाहेर काढ!” त्या वळल्या, पण हसू काही त्यांना लपवता आलं नाही.

मी आईला फोन करून पोटभर बोलले. मग नळीवर ठसठशीत खूण केली. तो इमानदारीत दाराबाहेर उभा होता.

“निकाल कधी?” त्यानं तिथूनच विचारलं.

“उद्या सकाळी.”

“नळ्यांचा नाही हो… माझा.”

“तुमचा?” मी झाकण नीट लावलं, दोनदा तपासलं आणि मास्क काढून त्याच्याकडे बघितलं. “तुमचा मघाशीच लागला. डॉक्टरबाईंच्या समोर.”