निळ्या मेणाच्या अकरा बाटल्या

इडेला क्रेव्हन्सचा फोन आला तेव्हा डॉर्सी पेनिक्स एका शवपेटीच्या पितळी कड्या पुसत होती.

"डॉर्सी, बाटली आली," इडेला म्हणाली. "पण या खेपेला तो माझ्यावर रागावलाय. तू ये, पोरी."

एवढं बोलून तिनं फोन ठेवला. डॉर्सीनं हात धुतले आणि गाडीची किल्ली घेतली.

हॅझल फोर्कमध्ये त्या बाटल्यांची गोष्ट ठाऊक नाही असं माणूस नव्हतं. केंटकीतल्या त्या खोऱ्यात ऑर्व्हिल क्रेव्हन्सची छोटी डिस्टिलरी होती. बाकीचे बर्बनच्या, म्हणजे तिथल्या मक्याच्या व्हिस्कीच्या, मक्यात राय मिसळायचे. राय हे तिखट धान्य. ऑर्व्हिल रायच्या जागी गहू घालायचा आणि राय आपल्या उंबऱ्याच्या आत येऊ द्यायचा नाही. पंचेचाळीस उलटल्यावर त्यानं इडेलाशी लग्न केलं आणि त्या दिवशी एक पीप भरून गोदामात ठेवलं. पुढे दरवर्षी नऊ ऑक्टोबरला त्यातली एक बाटली भरून, तोंड निळ्या मेणात बुडवून, तो बायकोसाठी ओसरीवर ठेवायचा.

दहा वर्षांपूर्वी, नऊ ऑक्टोबरलाच, तो नाहीसा झाला. संध्याकाळी ओसरीवर बाटली होती, ऑर्व्हिल नव्हता. त्याचा ट्रक दोन दिवसांनी लुइव्हिलच्या बस स्टँडवर सापडला. बाटली ठेवून बायकोला सोडून गेला, असं गावानं ठरवलं. पण पुढच्या वर्षी त्याच तारखेला पुन्हा बाटली आली. त्याच्या पुढच्या वर्षीही आली. गावातले लोक संध्याकाळनंतर बंद डिस्टिलरीवरून जाईनासे झाले. रिकाम्या गोदामाच्या फळ्यांतून अजून गोडसर वास यायचा, भिंती बुरशीनं काळ्याठिक्कर पडल्या होत्या, आणि वारा नसताना आतलं लाकूड कुरकुरायचं.

डॉर्सीनं चौदा वर्षं त्याच डिस्टिलरीत चव घेण्याचं काम केलं होतं. डिस्टिलरी बंद पडल्यावर तिनं वडिलांचं अंत्यविधीचं दुकान चालवायला घेतलं, आणि गावानं तिला कॉरोनर म्हणून निवडून दिलं. तालुक्यातल्या प्रत्येक संशयास्पद मृत्यूची चौकशी तिच्याकडे यायची. ऑर्व्हिलची कधी आली नाही, कारण प्रेतच नव्हतं.

इडेला स्वयंपाकघरात शाल गुंडाळून बसली होती. उन्हाळ्यापासून ती अर्धी झाली होती. डॉक्टरांनी तिला नाताळपर्यंतची मुदत दिली होती.

"मला दोनच गोष्टी कळू देत," ती म्हणाली. "तो आहे की नाही. आणि मातीत मी कुणाशेजारी निजायचं. लायल म्हणतो, त्याची वाट बघा, तो येईल. मला आता वाट बघायला दिवस कुठे उरलेत?"

टेबलावर अकरा बाटल्या मांडलेल्या होत्या. दरवर्षी आपल्या लग्नाच्या दिवशी एक चमचा, त्यापलीकडे तिनं एकीलाही हात लावला नव्हता. बाजूला बारावी, अर्धी रिकामी. ऑर्व्हिल जाण्याच्या आदल्या वर्षी त्यानं स्वतःच्या हातानं दिलेली.

डॉर्सीनं आधी रंग पाहिला. खिडकीतल्या उन्हात ऑर्व्हिलनं दिलेली बाटली फिकट दिसत होती. तो गेला त्या दिवशीची तिच्याहून गडद होती. आणि पुढच्या तीन वर्षांच्या? तिनं त्या एकेक करून उजेडात धरल्या. चारही एकाच रंगाच्या होत्या, केसाचाही फरक नव्हता.

मग तिनं चव घेतली. पहिल्या चार बाटल्या तिनं डोळे मिटूनही ओळखल्या असत्या. भाजलेल्या पावाची कड, जळत आलेली साखर, शेवटी सुक्या जर्दाळूचा आंबटपणा. ऑर्व्हिल शेजारी उभा आहे असं तिला वाटलं. पाचवीही गव्हाचीच, मऊ. पण तिच्यात मध होता, जर्दाळू नव्हता. सहावीत लोणी आणि बदाम, सातवीत चेरी. प्रत्येक वेगळ्या घराण्याची, आणि तरी प्रत्येक ऑर्व्हिलच्या जवळ जाऊ पाहणारी. नववी आणि दहावी तर इतक्या जवळच्या की दुसरं कुणीही फसलं असतं.

अकरावीचा घोट घेतला आणि तिच्या जिभेवर मिरं फुटलं. मागून पुदिना आला. ही राय होती.

"बघ," इडेला हळूच म्हणाली. "रागावलाय ना?"

"बाटली कुणी ठेवताना पाहिलंत?"

"कधीच नाही. मी झोपेतून उठते तेव्हा ती असते."

"ऑर्व्हिलच्या त्या पिपाचं काय झालं?"

"त्यानं नेलं असेल. गोदामात नव्हतं, असं लायल म्हणाला."

"गोदामाच्या किल्ल्या कुणाकडे असायच्या?"

"ऑर्व्हिलकडे. आणि लायलकडे, तो मुकादम होता ना."

डॉर्सी आधी रॉइसकडे गेली. रॉइस क्रेव्हन्स ऑर्व्हिलचा पुतण्या. पर्यटकांना बंद डिस्टिलरी दाखवायची, काकाच्या भुताच्या गोष्टी सांगायच्या, हा त्याचा उद्योग. बाटल्या येत राहाव्यात यात कुणाचा फायदा असेल तर त्याचाच.

"मी ठेवतो असं वाटतं तुम्हाला?" रॉइस हसला. "मिस डॉर्सी, काका गेले तेव्हा मी टेक्सासात तेलविहिरीवर होतो. इथं येऊन मला सहा वर्षं झालीत. आणि खरं सांगू? मी बियर पितो. ती बर्बन मला सगळी सारखीच लागते. घसा जाळते, झालं."

"गोदामात तू फिरतोस. काही पाहिलंस?"

रॉइसचं हसू मावळलं. तो म्हणाला की मागच्या टोकाला, पिपांच्या शेवटच्या मांडणीखाली, जमीन जरा बसलेली आहे, तिथं उभं राहिलं की त्याला बरं वाटत नाही. आणि एक गंमत म्हणजे लायलला त्यानं वाटाड्या म्हणून ये असं कितीदा विनवलं, तर इतकी वर्षं तिथं राबलेला तो माणूस आता गोदामाच्या दारातसुद्धा पाऊल टाकत नाही.

लायल बर्डेटचं घर नदीच्या वळणावर होतं. सत्तरीचा, ताठ, चर्चमधला मानाचा माणूस. इडेलाची लाकडं तोच फोडायचा, किराणा तोच आणायचा, रविवारी तिला हाताला धरून चर्चला तोच न्यायचा. डॉर्सी दारात पोचली तेव्हाच तिला करपल्याचा वास आला. लायल चुलीपासून चार हातांवर बसून बायबल वाचत होता आणि मागे घेवडा भांड्याला लागून कोळसा होत होता.

"तुमचं जेवण जळतंय," ती म्हणाली.

तो दचकून उठला. धूर डोळ्यांत गेल्यावरच त्याला ते पटलं. वय झालं, असं काहीतरी पुटपुटत त्यानं भांडं उतरवलं. मागच्या हिवाळ्यात ताप आला होता, तेव्हापासून लक्ष राहत नाही, असंही म्हणाला. डॉर्सीनं ऑर्व्हिलविषयी विचारलं तेव्हा त्यानं खिडकीबाहेर पाहिलं.

"तो जिवंत आहे, असंच मी मिस इडेलाला सांगत आलोय. जिवंत माणसाचीच बाटली येते."

"उद्या दुपारी तिच्याकडे या," डॉर्सी म्हणाली. "रॉइसही येतोय. अकरावी बाटली ऑर्व्हिलची आहे का, ते तिला तुमच्या तोंडून ऐकायचंय. तुमच्याइतकी जीभ या गावात कुणाची नाही."

"तुझी आहे की."

"मला तुम्हीच शिकवलंत."

दुसऱ्या दिवशी दुपारी इडेलाच्या टेबलावर तीन पेले होते. शेजारच्या खोलीत शेरीफचा माणूस गप्प बसला होता. पेल्यांत काय आहे ते डॉर्सीशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

रॉइसनं तिन्ही प्यायले, तोंड वाकडं केलं आणि आपल्याला काही कळत नाही असं सरळ सांगून टाकलं.

लायलनं पेला उजेडात धरला, फिरवला, नाकाशी नेला, सगळं जुन्या सवयीनं, झोकात. तिसऱ्या पेल्याशी तो बराच वेळ थांबला. तो सगळ्यात गडद होता.

"हा ऑर्व्हिलचा," तो म्हणाला. "गव्हाचा मऊपणा बघा. भाजका पाव. शेवटी जर्दाळू."

इडेलानं हात पुढे करून तो पेला घेतला, ओठाला लावला आणि खाली ठेवला.

"ही तर तीच रागावलेली आहे, लायल," ती म्हणाली.

डॉर्सी खुर्ची ओढून लायलच्या समोर बसली.

"तिसऱ्यात अकरावी बाटली होती. राय. पहिल्यात ऑर्व्हिलची खरी बर्बन होती, तुम्ही आयुष्यभर जी भरलीत ती. तुम्हाला दोन्हींतला फरक कळला नाही, कारण मागच्या हिवाळ्यातल्या तापानं तुमचं नाक गेलं. काल घेवडा जळत होता तोही तुम्हाला कळला नाही."

"म्हातारा झालो, एवढंच," लायल म्हणाला.

"ऐकून घ्या. पिपातली व्हिस्की दरवर्षी गडद होते, बाटलीतली कधीच होत नाही. ऑर्व्हिल जिवंत असता आणि ते पीप त्याच्याकडे असतं, तर प्रत्येक वर्षाची बाटली आधीच्याहून गडद झाली असती. पण तो गेला त्या दिवशीची आणि पुढच्या तिन्ही वर्षांची चव एकच, रंग एकच. म्हणजे चारही एकाच दिवशी पिपातून निघाल्या. म्हणजे ते पीप त्याच दिवशी संपलं. दोन माणसांनाही उचलणार नाही एवढं पीप एका दिवसात का संपतं, लायल? फुटलं तरच. आणि फुटलेल्या पिपातलं उरलंसुरलं भरून घ्यायला तिथं किल्ली असलेलं कुणीतरी हवं. रॉइस तेव्हा टेक्सासात होता."

लायलनं हात टेबलावर पालथे ठेवले होते. ते हलत नव्हते.

"चार बाटल्या संपल्यावर तुम्ही दुकानांतून गव्हाच्या बर्बन धुंडाळायला लागलात. दरवर्षी चाखून, निवडून, जवळात जवळची. ज्याला चव नाही त्याला ते जमलं नसतं. आणि ज्याला चव आहे त्यानं यंदा राय आणली नसती. दोन्ही गोष्टी एकाच माणसाला लागू पडतात. ज्याची चव होती आणि या वर्षात गेली." ती थांबली. "आज सकाळी शेवटच्या मांडणीखाली खणायला सुरुवात केलीय. तिथं काय सापडेल ते तुम्हीच मिस इडेलाला सांगा. माझ्या तोंडून नको."

लायल बोलायला लागला, तेव्हा आवाज चर्चमध्ये वाचतो तसा सपाट होता.

"त्या सकाळी मी प्यायलो होतो. कामावर, चर्चचा माणूस असून. वरच्या मांडणीची पाचर मी नीट ठोकली नाही. तो तुमची बाटली भरायला खाली वाकला आणि तुमच्या लग्नाचं ते पीप वरून, फळी तडकून, त्याच्यावर आलं. छातीवर. मी वर होतो. त्यानं मला पाहिलं नाही."

"मेला?" इडेलानं विचारलं.

"लगेच नाही." त्यानं डोळे मिटले. "त्याच्या हातात लाकडी हातोडी होती. तो पिपावर ठोकत होता. कुणी यावं म्हणून. मी खाली आलो असतो तर माझ्या तोंडाला वास होता, सगळ्या गावाला कळलं असतं. मी दार लावून बाहेर गेलो. वाटलं, दुसरं कुणी ऐकेल. मग ते ठोकणं थांबलं."

"किती वेळ ठोकत होता?"

लायलनं खिडकीकडे तोंड फिरवलं. इडेलानं तोच प्रश्न पुन्हा विचारला, तितक्याच शांतपणे.

"दुपारच्या जेवणाची शिट्टी होईपर्यंत," तो म्हणाला. "मी अजून ऐकतो ते, मिस इडेला. अंथरुणात, चर्चमध्ये, नदीवर. पहिली बाटली मी भीतीनं ठेवली, लोकांनी शोधू नये म्हणून. ट्रकही मीच नेला. पण दुसऱ्या वर्षी मी झाडाआडून बघत होतो. तुम्ही दार उघडून बाटली उचललीत आणि छातीशी धरलीत. त्यानंतर मला थांबता आलं नाही."

"आणि तुला वाटलं हे माझ्यावरचे उपकार," इडेला म्हणाली.

शेरीफचा माणूस दारात येऊन उभा राहिला. लायल स्वतःच उठला, टोपी हातात घेतली आणि मागे न बघता त्याच्यासोबत गेला. रॉइसला रडू आवरेना. तो मागच्या अंगणात गेला.

ऑर्व्हिल शेवटच्या मांडणीखाली चार फुटांवर सापडला, त्याच्या कमरेला चामड्याचा एप्रन तसाच होता. डॉर्सीनं तीन दिवस त्याच्यासाठी काम केलं. नियमानं करायचं ते सगळं केलं, आणि नियमात नसलेलंही थोडं केलं. शुक्रवारी सकाळी इडेलानं तिला बोलावून घेतलं आणि म्हणाली की पुरण्याआधी त्याला एक दिवस घरी आणायचं.

"मिस इडेला, आता पेटी उघडता यायची नाही."

"उघडू नकोस. फक्त आण."

डॉर्सीनं पेटी पुढच्या खोलीत ठेवली, खिडकीखाली, उन्हात. इडेलानं खुर्ची अगदी जवळ ओढली आणि लाकडावर हात ठेवला.

"तुम्हाला काही लागलं तर मी बाहेर आहे," डॉर्सी म्हणाली. "पाद्री दुपारी यायचेत. त्यांना किती वाजता सांगू?"

"आज नको," इडेला म्हणाली. "दहा वर्षं मी या माणसाला रोज शिव्या घातल्यात, पोरी. एकेक परत घ्यायची तर मला वेळ लागेल."

डॉर्सीनं दार ओढून घेतलं आणि ओसरीवर बसली. आतून इडेलाचा आवाज येत होता, बारीक, न थांबता. शब्द कळत नव्हते. डॉर्सीनं ते ऐकायचा प्रयत्नही केला नाही.