काटा मारलेले निरोप

पडद्यावरच्या थोरल्या बहिणीने धाकट्या भावाची बॅग उचलून उंबऱ्याबाहेर ठेवली, हात झटकले आणि ती म्हणाली, "जा! आणि परत येऊ नकोस. तुझं करून करून कंटाळा आलाय मला!" … आणि दार लावता लावता ती किंचित, अगदी किंचित हसली. अंधारलेल्या सभागृहात शे-दीडशे विद्यार्थ्यांनी एकदम श्वास रोखला, मागून कुणीतरी "काय बाई आहे ही!" म्हणालं, आणि सातव्या रांगेत बसलेल्या खऱ्या थोरल्या बहिणीला वाटलं की आपण या खुर्चीच्या फटीतून खाली जमिनीत जिरून जावं… आत्ता, या क्षणी, दिवे लागायच्या आत!

पण खुर्च्या कॉलेजच्या होत्या आणि फटी अरुंद होत्या.

दिवे लागले. टाळ्या झाल्या. ताईनेही वाजवल्या. शेजारी बाबा मांडीवर हात ठेवून ताठ बसले होते. त्यांनी वाजवल्या नाहीत.

व्यासपीठामागच्या फळ्यावर त्या दुपारचा विषय सुवाच्य अक्षरात लिहिलेला होता : 'एका बिघडलेल्या कुटुंबाचा चित्रपट – समाजशास्त्रीय सूत्रे'. खाली चार मुद्दे. सत्ता, श्रमविभागणी, संवादाचे द्वारपाल, आणि चौथा पुसट होता. समाजशास्त्राच्या विभागप्रमुख बाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी तिसऱ्या मुद्द्याला हात घातला. त्यांच्या मते चित्रपटातला बाप हा सत्तेचा नुसता सांगाडा होता, खरी सत्ता होती थोरल्या मुलीकडे. कारण घरातला प्रत्येक शब्द तिच्या हातून पुढे जात होता, आणि कुणाला आत घ्यायचं, कुणाला बाहेर काढायचं, ते तीच ठरवत होती. "ही स्त्री," बाई म्हणाल्या, "दुष्ट नाही. ती व्यवस्थेची चौकीदार आहे." मुलांनी ते उतरवून घेतलं. दुष्ट असते तर बरं झालं असतं, ताईला वाटलं, दुष्टपणाला निदान टिपणं लागत नाहीत.

बाईंच्या शेजारच्या खुर्चीत दिग्दर्शक बसला होता. डोक्यावर विरळ केस, नाकावर चष्मा, पुढ्यात पाण्याचा ग्लास. त्रेचाळीस वर्षांच्या या गृहस्थाला घरात टिल्लू म्हणत, म्हणजे तेरा वर्षांपूर्वीपर्यंत म्हणत. तेरा वर्षांत त्याने घरी पाठवलेल्या निमंत्रणपत्रिका दोन : एक ताईच्या नावाने, एक बाबांच्या, आणि दोन्ही थेट बाबांच्याच हातात पडल्या. आत हाताने लिहिलेलं एक अक्षर नव्हतं.

एका मुलीने विचारलं, "सर, बहिणीचं पात्र इतकं खरं कसं उतरलं?"

"आठवणीतून," तो म्हणाला. सातव्या रांगेकडे त्याने मुद्दाम पाहिलं नाही. "दारातला तो प्रसंग जसा घडला तसाच आहे. मी एक शब्दही बदललेला नाही."

आणि हेच तर खरं होतं! त्याने खरोखरच एक शब्दही बदललेला नव्हता. शब्द बदलणं हे त्या घरात त्याचं काम कधीच नव्हतं… ते ताईचं होतं.

कशावरून तरी (कशावरून ते आता फक्त ताईला आठवत होतं, आणि तिला कुणी विचारत नसे) आई आणि बाबा एकमेकांशी बोलेनासे झाले, ते आई जाईपर्यंत, अकरा वर्षं. बोलेनासे झाले म्हणजे गप्प झाले असं नव्हे. दोघेही भरपूर बोलत, पण ताईमार्फत. "सांग त्यांना, एवढाच तोरा असेल तर आपले कपडे आपण धुवा म्हणावं," असं आई स्वयंपाकघरातून म्हणाली की पुढच्या खोलीत जाऊन ताई सांगायची, "आई म्हणते, धुवायचे कपडे काढून ठेवा." बाबा गुरगुरायचे, "तिला म्हणावं, तुझ्या बापाचा नोकर नाही मी." आत जाऊन ताई सांगायची, "काढून ठेवतात म्हणाले." भिंत एकच होती, पण पुढच्या खोलीतला रेडिओ सदैव मोठ्याने लागलेला असे, आणि शिवाय बाबांचे कान तेव्हापासूनच जायला लागले होते. आई गेली, तोवर ते जवळजवळ गेलेच. मग साऱ्या जगाचंच बोलणं त्यांच्या डाव्या कानापर्यंत ताईच्या तोंडून पोचू लागलं. ताईच्या नोकरीतही तेच होतं. दातांच्या प्रयोगशाळेत ती कवळ्या घडवायची. साच्यातून निघालेली टोकं घासायची, कडा गुळगुळीत करायची, म्हणजे कुणाच्या हिरड्यांना लागू नये. तिथे एक सहकारी दोन वर्षं तिच्या होकाराची वाट पाहत थांबला होता. घरात तीन माणसं आणि एकच जीभ. ती जीभ दुसऱ्या घरी गेली तर इथे काय होईल, या विचाराने तिने त्याला नकार कळवला. तो निरोप मात्र तिने जसाच्या तसा दिला.

आणि गंमत म्हणजे बाबा सरकारी वजनमापं निरीक्षक होते! तेहतीस वर्षं त्यांनी दुकानादुकानातून तराजू तपासले, काटा मारणाऱ्यांना घाम फोडला. आणि स्वतःच्या घरात त्यांचा एकेक शब्द त्यांच्या लेकीच्या हातून वजन कमी करूनच पुढे जात होता… आणि निरीक्षकसाहेबांना पत्ता नव्हता.

तेरा वर्षांपूर्वी टिल्लू चांगली पक्की नोकरी सोडून सिनेमा करायला निघाला, त्या सकाळी बाबा म्हणाले होते, "सांग त्याला. आजपासून तो मला मेला. माझ्या तिरडीलाही हात लावू नकोस म्हणावं." ताई दारापर्यंत गेली. पंधरा पावलांचं अंतर. एवढ्यात तिने काय काय तोललं असेल! हे शब्द घासून गुळगुळीत होणारे नव्हते. बापाचं असलं बोलणं एकदा पोराच्या कानात गेलं की ते परत काढता येत नाही. बहिणीचं काढता येतं, बहिणी काय, भांडतात आणि गोड होतात. म्हणून तिने ते वाक्य स्वतःच्या नावावर घेतलं. "बाबांचं काही म्हणणं नाही. मीच सांगते. जा!" … आणि परत येऊन बाबांच्या कानात म्हणाली, "जाताना रडत होता. पाया पडून गेला." खरं तर तो थुंकून गेला होता.

हे सगळं तिच्या मनात चाललेलं असताना बाबांनी हात वर केला.

सभागृहात सहसा म्हातारे हात वर करत नाहीत, त्यामुळे विभागप्रमुख बाईंना आनंद झाला. एक विद्यार्थिनी माइक घेऊन धावत आली. बाबांनी माइककडे पाहिलंसुद्धा नाही, सवयीने ते ताईकडे झुकले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "सांग त्यांना. आवाज मोठा होता, सगळं ऐकू आलं मला. दारात ती जे बोलते ते तिचं नाही, माझं आहे. याहून वाईट शब्दांत मी बोललो होतो. सांग."

तेरा वर्षं ज्या वाक्यासाठी तिचा जीव तळमळला, ते वाक्य आज तिच्या हातात आलं होतं. नुसतं पुढे द्यायचं होतं. ताई उभी राहिली. माइक धरला. समोर दीडशे मुलं, फळा, टिल्लूचा खाली झुकलेला चेहरा… शेजारी ऐंशी वर्षांचा बाप, इस्त्रीचा सदरा घातलेला. एवढ्या लोकांत याची मान खाली घालायची? तिचे ओठ हलले आणि स्वतःलाच ऐकू आलं :

"बाबा म्हणतात… चित्रपट छान झाला आहे. अभिनंदन."

सभागृहाच्या चार कोपऱ्यांतल्या चार कर्ण्यांतून ते वाक्य घुमलं. आणि आयुष्यात पहिल्यांदाच, आपला निरोप पलीकडच्या माणसाला कसा पोचतो, ते बाबांना स्वच्छ ऐकू आलं.

"ए!" बाबा ओरडले. "मी असं म्हणालो नाही!"

मुलं हसली. बाबा उठले, त्यांनी तिच्या हातातून माइक घेतला, उलटा धरला, मग सुलटा केला. "मी सांगितलं एक आणि ही सांगतेय भलतंच! काय गं? हे केव्हापासून चाललंय?"

ताईची मान खाली गेली. "पहिल्यापासून, बाबा." तेही माइकने पकडलं.

हसणं थांबलं. बाबा तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर एकामागून एक वर्षं मागे जाताना दिसत होती… अचानक ते म्हणाले, "म्हणजे तुझी आईसुद्धा…" आणि तिथेच थांबले. ताईने डोळे मिटून घेतले. तो प्रश्न त्यांनी पुरा विचारला असता तर ती मेलीच असती! पण बाबांनी तो गिळला. मग व्यासपीठाकडे वळून, तुटक तुटक, सरकारी अहवाल वाचावा तसे ते बोलू लागले.

"हा जो वर बसलाय तो माझा मुलगा. ही मुलगी. त्या दिवशी मी म्हणालो होतो की तो मला मेला. हिने ते त्याला सांगितलेलं नाही, असं आज या सिनेमावरून दिसतं. तेव्हा… जी काही बदनामी आहे ती माझ्या नावावर लिहा. तुमच्या फळ्यावर."

विभागप्रमुख बाई फळ्याकडे वळल्या. मग त्यांनी तिसऱ्या मुद्द्यापुढे खडूने एक प्रश्नचिन्ह काढलं आणि चर्चा संपल्याचं जाहीर केलं.

ताई बाहेरच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून उभी राहिली. मुलं शेजारून जाताना आवाज बारीक करत होती. टिल्लू आला, चष्मा हातात, डोळे लाल.

"का नाही सांगितलंस? तेरा वर्षं, ताई! तेरा वर्षं तुला शिव्या घालत जगलो मी… आणि आता तर तिकिटं लावून घालतोय!"

"मला वाटलं, महिन्याभरात रागाने येशील भांडायला. मी माफी मागेन, संपेल."

"तू येऊ नकोस म्हणालीस!"

"अरे, लहानपणापासून माझं एक तरी ऐकलं होतंस का? हेच बरं ऐकलंस!"

तो हसला आणि त्या हसण्याचंच रडू झालं. खाली वाकून तिचे पाय धरायला गेला. तिने त्याचे हात धरले. "थांब. आधी ऐक. ते दार लावतानाचं हसणं…"

"ते मी घातलंय. चिडून. काढून टाकतो, आजच…"

"काढू नकोस. मी हसले होते." तिला वर बघवेना. "सगळ्यांची तोंडं माझ्याकडे लागलेली असायची रे. आईची, बाबांची, तुझी. मी बोलेन तेच खरं. मला ते… आवडायचं. त्याग वगैरे ठीक आहे, पण आवडायचं. आज दीडशे जणांसमोर ते दिसलं, तेव्हा वाटलं, पोराने बरोब्बर पकडलं मला."

एवढं कबूल केल्यावर माणसाला हलकं वाटतं म्हणतात. तिला वाटलं नाही. कारण एक गोष्ट अजून राहिली होती, आणि ती सांगायची हिंमत तिला झाली नाही.

टॅक्सी आली. एरवी मागे बाबांच्या डाव्या कानाशी बसणारी ताई आज न बोलता पुढे, चालकाशेजारी बसली. मागे बाप आणि लेक, मध्ये एका माणसाची जागा रिकामी. दोन चौक गेले.

"पत्र का नाही टाकलंस, गाढवा?" बाबा म्हणाले.

ताईच्या जिभेवर आपोआप तयार झालं : बाबांना तुझी आठवण येत होती. तिने ते गिळलं.

"तुम्ही टाकायचं होतंत!" टिल्लू त्यांच्या कानात ओरडला.

त्याला लाज वाटत होती, बाबा… तेही तिने गिळलं. समोरचा दिवा लाल होता आणि हिरवा व्हायचं नाव घेत नव्हता.

"मला कुठे पत्ता होता तुझा?"

"कार्ड पाठवलं होतं! सात वर्षांपूर्वी. नव्या घराचा पत्ता, फोन, सगळं. घरी पाठवलं होतं!"

मागे दोघांचीही तोंडं तिच्याकडे वळली. आता चालकही तिच्याकडे बघतोय असं ताईला वाटलं. खोटं तयार होतं. टपालात गहाळ झालं असेल, एवढंच म्हणायचं होतं, दोघांनाही पटलं असतं. तिने मागे वळून बाबांच्या डाव्या कानाकडे तोंड केलं आणि मोठ्याने, सावकाश सांगितलं, "आलं होतं. प्रयोगशाळेतल्या माझ्या खणात आहे. तुम्ही दोघं भेटलात तर मी काय काय केलंय ते उघडं पडेल, म्हणून दिलं नाही. सात वर्षं मी दिलं नाही."

आणि मग तिला आवरेना. वर्षानुवर्षांचा बांध फुटावा तशी ती तोंडावर हात घेऊन हमसाहमशी रडू लागली. दिवा हिरवा झाला, गाडी निघाली. बऱ्याच वेळाने एक सुरकुतलेला हात मागून पुढे आला, तिच्या खांद्यावर पडला आणि तिथेच राहिला.

"रड," बाबा म्हणाले. "आम्ही दोघं बोलतोय तोवर रडून घे."