टेपचं दुसरं टोक

जिन्याच्या वरच्या पायरीला अडकवलेलं मोजायच्या टेपचं टोक चौथ्यांदा सुटलं, तेव्हा ती अगदी रडकुंडीला आली.

"सोडा, मी धरतो," मागून आवाज आला. खिडक्यांच्या चौकटी दुरुस्त करायला आलेला सुतार होता तो. त्याने टोक धरलं, तिने आकडा वाचला... आणि तो पुन्हा वाचावा लागला, कारण तिचं लक्ष आकड्यावर नव्हतंच.

व्हिक्टोरियन काळातलं ते घर पाडायचं घाटत होतं; निर्णय होईपर्यंत पाऊस आत येऊ नये, एवढीच डागडुजी चालू होती. ती आर्किटेक्ट. घराचे बारीकसारीक नकाशे वारसा समितीपुढे ठेवले, तर घर वाचेल असं तिने मनाशी धरलं होतं. तीन आठवडे दोघांनी मिळून कमानी, कठडे, रंगीत काचा सगळं मोजलं. धुळीने माखून येतेस तरी चेहरा कसा गं खुललेला, म्हणून आई चिडवायची.

"मागची खोली राहू द्या ना," तो एकदा म्हणाला.

"का?"

"मोजून संपलं की... तुम्ही कशाला याल इथे?"

ती लाजली, हसली आणि त्याच दुपारी ती खोलीही मोजून मोकळी झाली. आधी घर वाचू दे, मग सांगू त्याला, असं तिने ठरवलं होतं.

समितीने नकाशांचं तोंडभरून कौतुक केलं. एवढी पक्की नोंद झाल्यावर घर उभं ठेवायची गरज नाही, असा निर्णयही दिला. तिच्या पायाखालची जमीनच सरकली. घर आपल्याच हाताने घालवलं होतं.

ती भिजत तिथे पोचली, तर सुतार हत्यारं पिशवीत भरत होता. तिने सगळं सांगितलं. मग जे राहिलं होतं तेही...

"मला तुम्ही आवडता. पहिल्या दिवसापासून."

त्याने हातातली करवत खाली ठेवली.

"तुम्ही ती खोली मोजून टाकलीत ना... मला वाटलं, हेच तुमचं उत्तर. लांबच्या बंदरावरच्या बोटींच्या कारखान्यातून बोलावणं होतं, त्याला त्याच दिवशी होकार कळवला. पाच वर्षांचा करार आहे. आजच निघायचंय."

त्याने तिचा ओला हात हातात घेतला, घट्ट धरला आणि सोडला. दाराशी तो जरा रेंगाळला.

पाच वर्षं मी वाट बघेन, एवढंच तिला म्हणायचं होतं. पण जीव लावलेलं आपल्याच हातून कसं जातं, हे तिने नुकतंच पाहिलं होतं. हेही आपणच बोलून घालवू, या भीतीने तिने ते मनातच ठेवलं आणि तो पावसात चालू लागला.