घडी मोडायला दिलेला गाऊन

त्या सोमवारी सकाळी मी वाफेची इस्त्री पिशवीत भरून रहाटणीहून निघाले, तेव्हा मला एवढीच काळजी होती की मोशीच्या खड्ड्यांत डब्यातली आमटी सांडू नये. भुताखेतांचा विचार माझ्या डोक्यात नव्हता. तो कधीच नसतो. लग्नसराईत नवऱ्या मुलींना साड्या नेसवायच्या आणि एरवी भारी कपड्यांना इस्त्री करायची, हा माझा धंदा. त्यात भीती वाटते ती फक्त रेशमावर पाण्याचा थेंब पडण्याची. आता तुम्ही विचारताच आहात आणि बाहेर लाइटही गेलीय, तर सांगते. मेणबत्ती तेवढी जरा जवळ ओढा.

काम माझ्या भाचीनं आणलं होतं. स्वरूपा माझ्या भावाची मुलगी. भाऊ आणि वहिनी दोघंही गेल्यावर ती शाळेत असल्यापासून माझ्याकडेच वाढली. मला मूलबाळ नाही, त्यामुळे माझी म्हणावी अशी तीच. ती एका लिलाव कंपनीत लागली होती, पण कंत्राटावर. साहेबांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, हा लिलाव नीट पार पडला तर पुण्याचं ऑफिस तुझ्या हातात, नाही पार पडला तर मार्चमध्ये नमस्कार. पोरगी तेव्हापासून धड जेवत नव्हती. मला तिच्यासमोर हसतं तोंड ठेवावं लागे, पण आतून माझाही जीव टांगणीला लागलेला.

लिलाव होता सौदामिनीच्या कपड्यांचा. हो, तीच, सिनेमातली. तिचा मुंबईचा बंगला विकला गेला आणि कपडे आले चाकणला, एमआयडीसीतल्या एका गोदामात. एका बाजूला गाड्यांचे बंपर, दुसऱ्या बाजूला खोक्यांचा कारखाना आणि मध्ये ह्या बाईचे पॅरिसचे गाऊन. गोदामाला खिडकी म्हणून नाही. उन्हानं रंग उडतो ना, म्हणून मुद्दाम तसं घेतलेलं. आत गारठा, नव्या पत्र्याचा वास आणि शेजारच्या कारखान्यातल्या प्रेसची दिवसभर धाड धाड.

मदतीला थेरगावची परवीन होती. जरदोजी, मणी, रफू, सगळं तिचंच काम, आणि तोंड माझ्यापेक्षा मोठं. आम्ही दोघी मिळून कपडे पेटीतून काढायचो. ती टाके बघायची, मी वाफ द्यायचे, मग ते पुतळ्यांवर चढवायचे. कपड्यांवरून माणूस कळतं, हे माझं ठाम मत आहे. सौदामिनीच्या कपड्यांवरून मला एवढं कळलं, की बाई बसून राहणाऱ्यातली नव्हती. नाचलेली, धावलेली, जिन्यात घेर अडकवून घेतलेली. मला ती आवडली. परवीन तर तिची जुनी भक्त, प्रत्येक गाऊन कुठल्या गाण्यातला ते ती मला नाचून दाखवायची.

त्या सोमवारी सगळ्यात शेवटी एक लांबट पांढरी पेटी उघडली. आत पातळ कागदाच्या थरांत हिरव्या रंगाचा गाऊन, घडीसकट. आमच्या सोसायटीत गाऊन म्हणजे बायका दूध आणायला खाली उतरताना घालतात तो. पण हा बघून मी हात धुऊन आले. स्वरूपानं त्याची गोष्ट सांगितली. सौदामिनीचा मोठा सत्कार ठरला होता, त्यासाठी तिनं हा शिवायला टाकला. तो पॅरिसहून पोचला तेव्हा तिचं तेरावं उरकलं होतं. म्हणजे कधीही अंगाला न लागलेला. दाखल्यावर तसंच लिहिलेलं; त्याच शब्दांवर सगळा लिलाव उभा होता, आणि त्याखाली सही होती स्वरूपाची.

मला वाईट वाटलं. एवढं मन लावून शिवून घेतलेलं, आणि बाईला ते बघायलाही मिळालं नाही. आमच्यात नवी साडी आली, की पहिल्यांदा आपण नेसत नाही. जावेला, मैत्रिणीला म्हणतो, तूच मोड घडी. ती एका हळदीकुंकवाला नेसून मिरवते आणि परत करते. त्यात मान असतो, माया असते. तोंडाला इतकी सवय झालेली, की कागद बाजूला करता करता मी बोलून गेले.

"घ्या बाई, तुम्हीच मोडा घडी."

परवीन हसली. मीही हसले. गाऊन पुतळ्यावर चढवला, संध्याकाळी गोदामाला कुलूप लागलं आणि आम्ही घरी आलो.

मंगळवारी सकाळी गाऊन पुतळ्यावर होता तसाच होता. फक्त मागच्या बाजूला, मांडीखाली येतात तशा आडव्या सुरकुत्या पडल्या होत्या. तुम्हाला त्यात काही वाटणार नाही. मी जन्मभर इस्त्री केलीय. उभ्या कपड्याला तशा सुरकुत्या पडत नाहीत. त्या बसल्यावरच पडतात, आणि हा पुतळा बसणारा नव्हता. मी परवीनला काही न सांगता वाफ देऊन त्या घालवल्या.

बुधवारी त्या परत होत्या. शिवाय गळ्यापाशी आतून पावडर लागलेली, गुलाबी झाक असलेली, वास जुन्या ड्रेसिंग टेबलाच्या खणासारखा. या वेळी परवीननंही पाहिलं. तिनं गाऊन उलटा केला, पाठीचे बारीक हुक एकेक करून तपासले आणि माझ्याकडे वळली.

"ताई, हुक एकपण लावलेला नाही," ती हळूच म्हणाली. "हे मागचे हुक एकट्या बाईला लावता येत नाहीत... ती नुसता अंगावर घेऊन बसते."

"कोण ती?"

"तुम्ही जिला सांगितलंत, ती."

मी तिच्यावर खेकसले. मग पावडर झटकायला बसले. मला भुताची भीती वाटली, खोटं कशाला बोलू, पण त्याहून जास्त वाटली ती स्वरूपाच्या नोकरीची. शनिवारी लिलाव. घेणारे लोक भिंग लावून बघतात म्हणे. गळ्याला पावडर दिसली, की सही करणारी खोटी ठरणार. वर्षानुवर्षं पोटाला चिमटा काढून शिकवलेली माझी मुलगी, आणि तिचं नुकसान माझ्या जिभेनं करायचं. तिला सांगायचं नाही, असं आम्ही दोघींनी ठरवलं. ती गुरुवारी मुंबईला जाणार होती, पाहुण्यांना आणायला. म्हणजे गुरुवारचा दिवस आमचा होता.

मी रात्रभर विचार केला आणि मला माझी चूक सापडली. मी तिला घडी मोडायला दिली, पण मिरवायला जागा कुठं दिली? नुसती नेसून घरात बसलेल्या बाईकडून कोणी साडी परत मागत नाही. चार जणींनी बघितलं पाहिजे, बरी दिसतेस म्हटलं पाहिजे, मग ती आपणहून घडी घालून आणून देते. ही बिचारी रोज अंगावर घेत होती, बसत होती, कोणी हुक लावायला येईल म्हणून वाट बघत होती. मी परवीनला हे सांगितलं. तिला पटलं, म्हणाली, हीरोइन आहे ताई, तिला पब्लिक लागणार.

गुरुवारी आमच्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी, आणि दुरुस्तीसाठी लाइटही बंद. रोजची ती धाड धाड नाही. गोदामाचं दार लावून घेतलं, आणि भर दुपारी असा अंधार झाला की स्वतःचा हात दिसेना. मोबाइलच्या बॅटरीवर आम्ही सगळे पुतळे ओढून दोन रांगांत उभे केले, तोंडं मधल्या वाटेकडे. लाल गाऊनवाली, मोत्यांच्या झालरवाली, केपवाली. सगळे तिचेच कपडे, तेच तिचं पब्लिक. हिरवा गाऊन मी वाटेच्या टोकाला हँगरवर लावला. परवीन म्हणाली, आता बॅटरी बंद करा, कोणी बघत असताना बाई कपडे बदलेल का? मला ते अजिबात नको होतं. पण तिचं म्हणणं बरोबर होतं.

अंधार झाला. मी गॅदरिंगला ऐकलं होतं तसं मोठ्यानं म्हणाले, "आता येत आहेत... सौदामिनी." माझा आवाज पत्र्यावर आपटून परत आला. नंतर बराच वेळ काहीच नाही. परवीनच्या बांगड्या तेवढ्या वाजत होत्या.

मग हँगर हलला. रेशमाची सळसळ झाली, पायाकडून वर, खांद्यापर्यंत. ती सळसळ हळूहळू माझ्याकडे आली आणि अगदी पुढ्यात येऊन थांबली. पावडरीचा वास. कुणीतरी माझ्याकडे पाठ करून उभं होतं. बोलत नव्हतं, हलत नव्हतं. वाट बघत होतं.

मी किती नवऱ्या मुलींच्या पाठीशी अशी उभी राहिलेय. डोकं पळ म्हणत होतं, पण हात सवयीनं पुढं गेले. मला कापड सापडलं, हुक सापडला. मी खालून वर एकेक हुक लावत गेले. कापडाच्या आत पाठ होती. गार होती, नुकतीच न्हाऊन आलेल्या बाईची असते तशी थोडी ओली. शेवटचा हुक लावताना तिनं मानेवरचे केस बाजूला धरले असावेत, कारण ते माझ्या मनगटाला लागून गेले.

"झालं," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

ती गेली. टाचांचा आवाज मधल्या वाटेनं निघाला, सावकाश, ऐटीत. मी टाळ्या वाजवायला लागले. परवीनला काय झालं कोण जाणे, तिनं तोंडात दोन बोटं घातली आणि अशी शिट्टी मारली, की मुकाई चौकापर्यंत ऐकू गेली असेल. आवाज वळला, परत आला, पुन्हा वळला. बाईनं फेऱ्या मारल्या. मला तुम्हाला सांगायला लाज वाटत नाही, त्या वेळी मी घाबरलेही होते आणि मला आनंदही झाला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी हसत होते. आम्ही टाळ्या थांबवल्या नाहीत, तळहात लाल झाले.

शेवटी सळसळ पुन्हा माझ्या पुढ्यात येऊन थांबली, पाठ करून. मी हुक सोडले. "छान दिसत होतात हो," मी म्हणाले. मग हात रिकामे झाले.

लाइट आली तेव्हा गाऊन पांढऱ्या पेटीत होता. घडी घातलेला, कागदाच्या थरांत. आम्ही दोघींनी तो उजेडात इंच न् इंच बघितला. सुरकुती नाही, पावडर नाही, वाससुद्धा नाही, नवाकोरा. परवीननं माझा हात घट्ट धरला आणि मग आम्ही दोघींनी खाली बसून आमटीभात खाल्ला. इतकी भूक मला कधी लागली नव्हती.

शनिवारचा लिलाव एका मोठ्या हॉटेलात होता, जोरात झाला. गाऊन एका परदेशी संग्रहालयानं घेतला, त्यांच्या बाईनं भिंगातून बघून स्वरूपाशी हात मिळवला. साहेबांनी तिथंच पोरीला पुण्याचं ऑफिस दिलं. मी हॉटेलच्या भटारखान्याबाहेर उभी राहून मनसोक्त रडले. वाटलं, बाई मिरवली, आपली पोर सुटली, गाऊनही समुद्रापार गेला. झालं गेलं मिटलं.

पुण्याच्या ऑफिसच्या पहिल्या पगारात स्वरूपानं मला साडी आणली. मी रात्री ती खुर्चीवर ठेवली. सकाळी घडी मोडलेली होती आणि मांडीखाली आडव्या सुरकुत्या. मी ते परवीनला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, असू दे ताई, तिची पसंती चांगली आहे, तिनं नेसली म्हणजे साडी पास झाली. आम्ही खूप हसलो. त्यानंतर परवीनच्या ईदच्या ड्रेसचंही तसंच झालं. सवय होते हो माणसाला. मी आता नवीन काही आणलं की दोन दिवस थांबते, वाफ देते आणि वापरते.

पण स्वरूपाला आम्ही यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. गुरुवारचं नाही, आधीचं नाही, साडीचं नाही. तिला कशाला भीती घालायची? तिला ह्या सगळ्याचा वारासुद्धा लागू नये, यासाठी तर मी एवढं केलं.

पुढच्या रविवारी तिचा साखरपुडा आहे. पिंपरी कॅम्पातून साडी आणली, सुंदर आहे. मी ती आणल्या आणल्या कपाटात ठेवली, कुलूप लावलं आणि किल्ली गळ्यात घातली. माझ्या पोरीच्या साखरपुड्याची साडी तिच्याच अंगाला पहिल्यांदा लागली पाहिजे, एवढाच माझा हट्ट. काल स्वरूपा ऑफिसातून आली, माझ्या गळ्यातली किल्ली बघून हसली आणि पायातल्या चपला काढत म्हणाली, "राहू दे ना आत्या, कुलूप कशाला लावतेस? तिचे हुक लावायला रोज रात्री मीच जाते."