चौकटीला मावतील तेवढ्या

तिनं बेल दाबली आणि दारातून कुत्रं भुंकलं – थेट अंगावर धावून आल्यासारखं! ती किंचाळली, मागच्या मागे दोन पायऱ्या उतरली. हातातली पिशवी गडगडत खालच्या मजल्यावर.

दार उघडलं. कुत्रं नव्हतंच. हसू दाबत एक तरुण उभा होता.

"चुकीची दाबलीत. पाहुण्यांची ही... चिमणीवाली."

तेव्हा कुठे तिचं लक्ष चौकटीकडे गेलं. पितळी, लाकडी, प्लास्टिकच्या... दोन्ही बाजूंना नुसत्या घंट्याच घंट्या!

"मी फिजिओथेरपिस्ट. तुमच्या आईंच्या गुडघ्यासाठी आलेय," ती धापा टाकत म्हणाली. "पण आधी माझं काळीज जागेवर बसवा!"

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. पाडायला काढलेल्या इमारतींतून जुन्या घंट्या उचलून आणायचा, त्यांना पुन्हा बोलतं करायचा. आईची अट एकच – चौकटीला मावतील तेवढ्याच. नवी आली की एक जुनी जाणार. "नाहीतर हा मला जिन्यात बसवून घरात घंट्या टांगेल," त्याची आई, म्हणजे तिच्या काकू, म्हणायच्या.

हळूहळू तिला घंट्या ओळखू येऊ लागल्या.

"आज कोकिळा? स्वारी खुशीत दिसतेय!" दार उघडत तो म्हणाला.

"बोट घसरलं, बाकी काही नाही."

पण व्यायाम शिकवताना नजर उगीचच दाराकडे जायची... आणि दारातली नजर पटकन स्क्रू शोधू लागायची.

गुडघा सुधारला. शेवटची एक खेप उरली, तेव्हा स्क्रू पिळता पिळता, वर न बघता त्यानं विचारलं, "अशा घरात... राहायला आवडेल कुणाला?"

"या गोंगाटात? वेड लागेल बिचारीला!"

तो हसला. जरा उशिराच.

पुढच्या खेपेला ती जिना चढली आणि जागीच थिजली. चौकट भुंडी! नुसती भोकं, आणि एक पांढरं बटण. तिचा हातच उचलेना. तिनं दारावर थाप मारली.

काकूंनी दार उघडलं. "भंगारात द्यायला निघालाय सगळ्या. म्हणतो, माणूस यायचं तर जागा करायला हवी. तूच विचार बाई त्याला!"

तो आत खोकं बांधत होता.

"हे काय चाललंय?"

"तुम्हीच म्हणालात ना... वेड लागेल."

"थट्टा केली हो मी!" तिचा आवाज चिरकला. घंट्यांपायी आपले डोळे भरून यावेत, याचा तिलाच धक्का बसला. "माझ्यासाठी कुणी असं काही भंगारात घालायचं नाही. आईंची अट आहे तेवढी पुरे. लाव परत सगळ्या!"

"...लाव?"

"म्हणजे – लावा..."

"नको. 'लाव'च बरं वाटलं." त्यानं दोरी सोडली. "मग तू कुठली वाजवशील?"

"एकही नाही."

त्याचा चेहरा उतरला. तिनं तळहात पुढे केला.

"मला किल्ली हवीय."

शेवटी दारातून काकूच ओरडल्या, "अरे, बघत काय राहिलास? दे की!"