विहिणीच्या दारातलं मागणं

“लेकीच्या सासरी पैसे मागायला जाणार तू? जा खुशाल, दमयंती! पण मग या घराची वाट विसरून जा!”

रावजींनी ताट असं ढकललं, की सोलकढीची वाटी कलंडून गुलाबी ओघळ थेट दमयंतीबाईंच्या पायाशी आला. उभ्या संसारात या माणसानं अन्नावर राग काढला नव्हता... दमयंतीबाईंनी पदर तोंडाशी धरला. रडायचं नव्हतं त्यांना. पण डोळे कुणाचं ऐकतात थोडेच!

मिरकरवाड्याच्या बंदराजवळ रावजींचा बर्फाचा कारखाना होता. ट्रॉलर समुद्रात निघाले, की त्यांच्या पोटात भरायच्या बर्फाच्या लाद्या तिथूनच जायच्या. पण लागोपाठ वादळं आली, होड्या किनाऱ्याला बसून राहिल्या, विजेचं बिल मात्र बसून राहिलं नाही. आणि कर्जानं आणलेल्या नव्या यंत्राचे हप्ते थकले ते थकलेच. कारखान्याच्या कंपनीनं काढलेल्या त्या कर्जाला दमयंतीबाई राहतं घर लावून जामीन होत्या. कारखाना गेला, तर डोक्यावरचं छप्परही जाणार होतं.

दिवाळं म्हणजे काय, हे दमयंतीबाईंनी परकर नेसायच्या वयात पाहिलं होतं. अंजनवेलला त्यांच्या वडिलांचं दुकान होतं. ते बुडालं, कोर्टानं वडिलांना नादार ठरवलं, आणि बेलीफानं घरातली भांडी अंगणात आणून मांडली. आईचं पाणी तापवायचं तांब्याचं घंगाळसुद्धा! शेजारपाजार कुंपणापाशी उभा राहून बघत होता. त्यानंतर वडील देवळात गेले ते नेहमी मागच्या दारानं. आणि मरेपर्यंत कुणाच्या लग्नात पहिल्या पंगतीला बसले नाहीत...

म्हणून रावजींची पुतणी दिशा, जी मुंबईत अशाच कामांची जाणकार होती, ती जेव्हा म्हणाली, “काका, दिवाळखोरीच्या कायद्याखाली अर्ज करू या,” तेव्हा दमयंतीबाईंच्या अंगावर काटाच आला.

“काकू, तो जुना काळ गेला गो,” दिशा त्यांच्याजवळ सरकून म्हणाली. “कोरोनानंतर लहान उद्योगांसाठी कायद्यात नवी वाट काढली आहे. कारखाना काकांच्याच हातात राहतो, चालू राहतो. कर्ज देणाऱ्यांना एकत्र बसवायचं, कुणाला किती आणि कसं फेडणार त्याचा आराखडा मांडायचा. त्यांनी मान्य केला, न्यायाधिकरणानं शिक्का मारला, की झालं. तोवर कारखान्यावर कुणी जप्ती आणायची नाही. बँक तुमच्या घरावरचा हातही सोडायला तयार आहे. फक्त एक सांगा... अलीकडे कुणा एकाचेच पैसे गुपचूप फेडलेत का?”

रावजींची मान खाली गेली.

फेडले होते! लेक मृणाली खेडला दिलेली. तिच्या विधवा सासूबाईंनी, सोनूबाईंनी, यंत्र घेताना मोठी रक्कम उसनी दिली होती. कारखाना डळमळला, तसे रावजींनी कंपनीच्या खात्यातून सगळ्यांत आधी त्यांचे पैसे चुकते केले.

“मग काय करणार होतो?” त्यांचा आवाज चिरकला. “सासरच्यांचं देणं म्हणजे लेकीच्या मानेवरचं जू! माझ्या पोरीला कुणी बोल लावला असता तर?”

“काका, तुमचं मन कळतं मला. पण कायद्याला हे चालत नाही. सगळ्यांचे थकवून आपल्या माणसाचे फेडले, तर ते उघड सांगावंच लागतं. बँकेचे साहेब म्हणतात, ते पैसे कंपनीत परत आले तरच आमचं मत. नाहीतर मोडीत काढा कारखाना.”

त्यावरूनच आजचं हे ताट ढकललं गेलं होतं.

दमयंतीबाईंनी जमीन पुसली, लुगडं बदललं आणि एकट्याच खेडच्या एस.टी.त बसल्या.

सोनूबाई आपल्या भुसार दुकानाच्या गल्ल्यावर बसल्या होत्या. जिभेला धार असलेली बाई! “अगो बाई, विहीणबाई! न कळवता? व्याह्यांनी पाठवलं, की हाकलून दिलं?”

“हाकलूनच दिलं म्हणा.”

सोनूबाईंचं हसू ओठांवरच विरलं. त्यांनी दुकान गड्यावर सोपवलं आणि विहिणीला आत नेलं. मृणाली पाण्याचा तांब्या घेऊन आली. दमयंतीबाईंनी हात आडवा धरला. लेकीला मूल होईतो तिच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत.

“विहीणबाई, ह्यांनी फेडलेले पैसे मी परत मागायला आले आहे.”

“आई!” मृणालीच्या हातातला तांब्या डुचमळला. तिनं भेदरून सासूकडे पाहिलं. ती एक नजर दमयंतीबाईंचं काळीज चिरत गेली... माझ्या हातानं मी पोरीचा संसार तर उधळत नाही ना?

सोनूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग व्यापारी बाईनं व्यापाऱ्यासारखं विचारलं, “परत केले, तर मला पुन्हा मिळतील?”

खोटं बोलावं... एकच गोड शब्द! पण दमयंतीबाईंच्या तोंडून तो निघेना.

“सगळे नाही मिळायचे. इतरांना मिळतील तसेच, तेवढेच, हळूहळू. आणि तेही कारखाना चालला तर.”

“मग कशाला देऊ?”

“कारण ते तुम्हांला आधी मिळायला नको होते. कामगारांचे पगार थकलेत, होडीवाल्यांचे आगाऊ पैसे आमच्याकडे आहेत. त्यांना मागे ढकलून आम्ही आमची अब्रू राखली, विहीणबाई. अब्रू कसली ती!”

 सोनूबाई बोलल्या, तेव्हा त्यांच्या जिभेची धार गेली होती.

“तुमच्या बंदरावरची हौसा मासळी घेऊन इथं येते. परवा माझ्या दुकानात बसून रडली. बर्फासाठी भरलेले पैसे रावजीशेठकडे अडकले, म्हणाली, पोराची फी भरायची राहिली. आणि माझे पैसे मात्र माझ्या खात्यात आलेले! तिला तांदूळ मोजून देताना मला तिच्याकडे बघवेना हो... कुणाला सांगू, तेच कळत नव्हतं.” त्यांनी डोळे पुसले. “उद्या बँक उघडली की पाठवते. पण एक अट आहे.”

“सांगा.”

“आत्ता माझ्या घरी जेवायचं. दिलेले पैसे परत मागताना रीत मोडलीत, मग भातानंच काय घोडं मारलंय?”

मृणालीनं वाढलं. आईच्या पहिल्या घासाबरोबर लेक तिच्या गळ्यात पडली. आणि तिघी बायका हसत-रडत जेवल्या.

पैसे कंपनीत परत आले, रावजी मात्र बायकोशी बोलले नाहीत. घराचं दार त्यांनी लावून घेतलं नाही, एवढंच. बायको समोर आली की ते पाठ फिरवत, चहा हवा असला तरी मागत नसत. लेकीला सासरी काय सोसावं लागत असेल, या कल्पनेनं ते आतल्या आत झिजत होते. आणि फोन करायचाही धीर होत नव्हता. दमयंतीबाई सारं गिळत राहिल्या.

मग कर्ज देणाऱ्यांची बैठक भरली, कारखान्याच्याच कचेरीत. बँकेचे साहेब, पतपेढीचे चिटणीस, आणि... दारातून सोनूबाई आत आल्या! मागून मृणाली, चांगली तजेलदार, सासूची पिशवी सांभाळत.

दिशानं आराखडा वाचून दाखवला. मत विचारलं, तसा पहिला हात सोनूबाईंचा वर गेला.

“साहेब, माझी संमती आहे. आणि व्याही, तुम्हांलाही एक सांगते. तुम्ही माझे पैसे लपून फेडलेत, तेव्हा मला परकी केलंत. ह्या बाईनं ते परत मागितले, तेव्हा मला घरची केलं. तुमच्या लेकीला मी बोल लावीन, असं वाटलंच कसं तुम्हांला?”

बँकेच्या साहेबांनी हात वर केला. पतपेढीनंही केला. रावजींना ते दिसलंच नाही. त्यांचे डोळे केव्हाच भरून आले होते.

न्यायाधिकरणाची मंजुरी यायला पुढं बराच काळ गेला. ती आल्याचा दिशाचा फोन मुंबईहून आला, तेव्हा बंदरावर मासळीचा लिलाव संपत आला होता. बातमी वाऱ्यासारखी पसरली. कामगार, होडीवाले, हौसा, सगळे कारखान्याच्या अंगणात जमले. कुणाला किती हप्त्यांत मिळणार, ते रावजींनी स्वतः वाचलं. आणि मग कागद बाजूला ठेवला.

“लोकहो, पैसे मी चुकीच्या दारात आधी नेऊन दिले. माझी ही बायको ते दार ठोठावून परत घेऊन आली. मी तिला घराबाहेर काढायला निघालो होतो...”  भर अंगणात, सगळ्यांदेखत, त्यांनी दमयंतीबाईंपुढे हात जोडले. “दमयंती, माझं चुकलं!”

“अहो, हे काय! खाली घ्या हात!” दमयंतीबाईंनी ते हात आपल्या दोन्ही हातांत धरले. कित्येक महिन्यांचं सारं मौन त्या ओल्या ओंजळीत विरघळून गेलं.

हौसानं नाक पुसलं. तेवढ्यात होडी चालवणारा सदू तांडेल मागून ओरडला, “काय गो काकी, दिवाळा निघाला म्हणतात तुमचा?”

 रावजींचा चेहरा पडला. पण दमयंतीबाई वळल्या, ताठ उभ्या राहिल्या आणि बंदरावर ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या,

“निघालं हो, सदू! मी स्वतः काढलं, पुढच्या दारानं, सगळ्यांदेखत! आता उद्याच्या फेरीला तुला किती लाद्या हव्या, ते बोल!”